आयत्या वेळचे विषय

३ सप्टेंबर २०००, रविवार

ही डायरी आमच्या ह्यांनी मस्कतहून आणलेली. त्यांच्या कंपनीची आहे, शुक्रवार लाल रंगात छापलेत. "हफीजा, रोज काहीतरी लिहीत जा," असं सांगून जानेवारीत परत गेले, आणि आजपर्यंत मी तिच्यात एक अक्षर काढलं नव्हतं. आज राग आला म्हणून उघडली.

राग पेपरचा. बंदरामागच्या वाळूच्या पुळणीवर आम्ही बायका मासळी सुकत घालतो. सकाळचं काम आटपलं की मी टोपली पालथी घालून बसते आणि 'दीपगृह' मोठ्याने वाचते. पहिलं पान कुणालाच नको असतं. दिल्लीचं दिल्लीवाले बघतील, तू आधी पालिका वाच, असं सगळ्या म्हणतात. भागोजी शिवलकर त्यात 'सभागृहातून' हे सदर लिहायचे. कोण काय बोललं, कोण झोपलं, कुणी कुणाला गप्प बसवलं, सगळं असायचं. आमच्या कासारखाडीची पालिका केवढीशी, पण त्यांनी लिहिलं की रत्नागिरीपर्यंत चर्चा व्हायची.

गेल्या पावसाळ्यापासून ते सदर नाही. आज पेपरात पालिकेच्या अध्यक्षांचा फोटो पाच ठिकाणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे वेगवेगळे. मी सगळ्या वाचून दाखवल्या, म्हटलं घ्या. सावित्री बोंबील उलटता उलटता म्हणाली, "ह्येचा वाढदिस झाला ता कळला. पान्याचा काय झाला ता सांग." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. नळाला पाणी एक दिवसाआड येतंय आणि त्याबद्दल कोण काय बोललं हे कुणालाच माहीत नाही.

८ सप्टेंबर, शुक्रवार

सुकट घेऊन रत्नागिरीला मिरकरवाड्यात गेले होते, तशीच पुढे 'दीपगृह'च्या कचेरीत गेले. एक पोरगा संगणकापुढे बसलेला. म्हणाला, "पेपर आता मुंबईच्या मालकांनी घेतलाय. गावोगावचे बातमीदार बंद केले. पालिकेची बातमी पालिकाच फॅक्स करते."

"म्हणजे मुलाने आपला पेपर आपणच तपासायचा?" मी विचारलं. तो हसला, आणि वाढदिवसाची जाहिरात द्यायची आहे का असं त्याने मला विचारलं. माझा चेहरा बघून परत संगणकाकडे वळला.

येताना भागोजीभाऊंकडे गेले. ते आमच्याकडच्या एसटी स्टँडमागे राहतात. नोकरी गेल्यापासून पडवीत बसून असतात. दाढी वाढलीय. मी म्हटलं, तुम्ही नाही तर आम्हाला कोण सांगणार? म्हणाले, "हफीजावहिनी, सभेला कुणीही बसू शकतं. वर गॅलरी बांधलीय ती जनतेसाठीच. एवढ्या वर्षांत तिथे मी कबुतरांशिवाय कुणाला बसलेलं बघितलं नाही."

मग कबुतरांना उठवू या, म्हटलं.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आज मी पालिकेच्या सभेला बसले. हे वाक्य लिहितानासुद्धा मान ताठ होते.

इस्त्रीची साडी, डोक्यावर पदर, हातात पोरीची वही. अरशदने मला गॅलरीत बघितलं आणि खालून हात केला. अरशद माझा दीर, आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. मी लग्न होऊन आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, नाक पुसायची अक्कल नव्हती. त्याला पाटीवर त्याचं नाव पहिल्यांदा मी लिहून दिलं, आणि गिरवून घेतलं. आज तो शेजारच्या सदस्याला सांगत होता, "ती बघ, माझी भाबी." मला फार बरं वाटलं.

पाण्यावर भांडण झालं, गटारांवर झालं. मी लिहीत सुटले. मग धोंडू शिपाई वर आला. "बाय, अध्यक्षांनी चहाला बोलावलंय, खाली त्यांच्या खोलीत. पत्रकारांना असतोच."

पत्रकार. मला.

कपबशीत चहा, बशीत चार बिस्किटं, डोक्यावर पंखा. चहा संपतो न संपतो तोच सगळे जिना उतरू लागले. मी अरशदला विचारलं, "संपली सभा?" म्हणाला, "संपली भाबी. तू चहा घेतलास ना नीट?" मोठा माणूस झालाय पण माया कमी नाही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

नाक्यावर 'दीपगृह'चा वार्ताफलक आहे. वर पेपरचं नाव रंगवलेलं, खाली काळा फळा. भागोजीभाऊ तिथे रोज खडूने ठळक बातम्या लिहायचे. हल्ली त्यावर क्रिकेटच्या टीमा आणि एक हरवलेली शेळी एवढंच असतं. शेळी सापडलीय हे मला माहीत होतं, म्हणून ती पुसली आणि कालची सभा लिहिली. पाण्याबद्दल कोण काय बोललं, नावासकट.

दुपारपर्यंत फळ्यापुढे गर्दी. रिक्षावाले रिक्षा थांबवून वाचत होते. पाणी रोज सोडा म्हणणाऱ्या दोघांना लोकांनी हाक मारून शाबासकी दिली, आणि गप्प बसलेले दोघे आज बंदराकडे फिरकले नाहीत.

ह्यांचा फोन आला तेव्हा सगळं सांगितलं. मस्कतमध्ये खोलीतल्या सगळ्यांना सांगणार म्हणाले.

३० ऑक्टोबर, सोमवार

दुसरी सभा. दिवाळी नुकतीच झालेली, म्हणून आज चहाबरोबर चिवडा आणि करंजीही. अध्यक्ष दारापर्यंत येऊन म्हणाले, "तुमच्यासारख्या जागरूक भगिनी पाहिजेत." भला माणूस आहे. उगाच लोक नावं ठेवतात.

आजचं सगळं फळ्यावर गेलं. दिव्यांचा विषय, डासांचा विषय. भांडण असं काही झालंच नाही. मला वाटतं मी बसते म्हणून सगळे शहाण्यासारखे वागतात. अरशदने नवी मोटारसायकल घेतलीय, त्याने मला नाक्यापर्यंत सोडलं. मागे बसून येताना सगळ्या बंदराने बघितलं.

६ नोव्हेंबर, सोमवार

भागोजीभाऊंना माझी वही दाखवली. आधी खूष झाले, चष्मा पुसून पुसून वाचत होते. मग मी चहाचं सांगितलं, बिस्किटं, करंजी, पंखा. त्यांनी वही मिटली. "बाळूच्या दुकानातून काही आणायचंय," म्हणाले आणि उठून गेले. बराच वेळ आले नाहीत. घरातल्या वहिनींनी मला पानसुपारी दिली आणि म्हणाल्या, हे हल्ली असंच करतात.

माणसाचं असं असतं. जो मान आपल्याला मिळत होता तो दुसऱ्याला मिळाला की पोटात दुखतं. मी मनावर घेतलं नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

रमजान सुरू झालाय. सभा नेहमीसारखी चालली होती. धोंडू वर आला, चहा तयार आहे म्हणाला. मी म्हटलं, "रोजा आहे रे बाबा." तो गेला आणि परत आला. "अध्यक्ष सांगतात, चहा नको तर नको, खाली पंख्याखाली बसा." मी म्हटलं, नोव्हेंबरात पंखा कशाला, मी इथेच बरी आहे. तो तिथेच उभा राहिला. शेवटी गेला.

अध्यक्षांनी मान वर करून गॅलरीकडे बघितलं. मग मुख्याधिकाऱ्यांच्या कानाला लागले. मुख्याधिकारी उठले आणि वाचू लागले, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय."

असे काही विषय असतात हे मला माहीतच नव्हतं. विषयपत्रिकेत त्यांची एकच ओळ असते, सगळ्यात खाली. एक कप चहा संपायला लागतो तेवढ्या वेळात सहा विषय झाले. कुणी काही विचारत नव्हतं. नुसती बाकं वाजत होती.

चौथा विषय आमच्या पुळणीचा. बंदरामागची मोकळी जागा तीस वर्षांसाठी भाड्याने मुंबईच्या एका कंपनीला. गणपतीपुळ्याच्या पर्यटकांसाठी वाहनतळ आणि उपाहारगृह. सूचक, अरशद होडेकर. सर्वानुमते मंजूर.

मला वाटलं, दुसरा कुणी अरशद असेल. सभागृहात अरशद एकच आहे.

तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. त्याने वळून बघितलं नाही. मी खाली बिस्किटं बुडवत बसले होते तेव्हा वर ह्या सदस्यांनी काय काय मंजूर केलं असेल, आणि मी नाक्यावर जाऊन गावाला सांगितलं की सभा शहाण्यासारखी झाली. माझा मान नव्हता तो. मला बाहेर काढायची रीत होती.

इफ्तारला रोजा सोडला आणि तशीच सावित्रीकडे गेले.

१ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी फळ्यापुढे उभी राहिले. सावित्री बरोबर होती, तिला सगळं सांगितलं होतं. तिची तीन माणसं त्या पुळणीवर जगतात. नवरा बोटीवरून पडून कमरेतून गेलाय, तो काही करू शकत नाही. दुसरीकडे सुकत घालायला जागाच नाही, सगळा कातळ आणि आंब्याच्या बागा.

मी ठराव लिहिला. जागा, भाडं, कंपनी. मग 'सूचक' लिहिलं आणि हात थांबला. नाव न लिहिता 'सर्वानुमते' एवढंच लिहिलं असतं तरी ते खोटं नव्हतं. मी सावित्रीकडे बघितलं. तिने काही लिही म्हटलं नाही, नको लिहू असंही म्हटलं नाही. बंदराकडे तोंड करून उभी राहिली, मला मोकळं सोडून.

मी लिहिलं. पाटीवर गिरवायला दिलं होतं तसंच, ठसठशीत.

ह्यांचा फोन आला तोवर अरशदचा फोन मस्कतला पोचला होता. म्हणाले, "घराण्याचं नाव रस्त्यावर मांडलंस असं म्हणतो तो. तू नीट ऐकलंस?"

"नीट ऐकलं."

"मग वाच काय लिहिलंस ते."

मी वाचलं. मग म्हणाले, "त्याचं गाळलं असतंस तरी मी काही बोललो नसतो. पण बरं केलंस." फोन ठेवल्यावर मी रडले. रोज्यात रडून घसा फार सुकतो.

९ डिसेंबर, शनिवार

अरशद नाक्यावर सांगत फिरतोय की भाबीचं ऐकण्यात चुकलं, वर गॅलरीत आवाज नीट येत नाही. 'दीपगृह'मध्येही छापून आलंय, सभा खेळीमेळीत पार पडली. पुळणीचा शब्द नाही. एका व्यापाऱ्याने तो पेपर माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, छापलेलं खरं मानायचं की खडूचं?

मी उत्तर द्यायच्या आत सावित्री म्हणाली, "तू सुक्या म्हावऱ्याला ताजं म्हणून छाप, मी बगते कोण घेतंय." तो निघून गेला.

फळा कुणीतरी पुसतंय. मी परत लिहिते. पुसतात, परत लिहिते. खडूची पूड साडीवरून जात नाही.

१४ डिसेंबर, गुरुवार

भागोजीभाऊंकडे गेले. म्हटलं, तुम्ही चहा पिऊ नका असं आधीच सांगितलं असतंत तर? त्यांनी अगदी वेगळंच विचारलं, "वहिनी, तुम्ही शेवटपर्यंत बसलात? आयत्या वेळचे सगळे विषय ऐकलेत?" मी हो म्हटलं. परत विचारलं. परत हो म्हटलं. वय झालं की माणूस तेच तेच विचारतो.

मग मात्र सरळ कामाचं बोलले. एका सभेत जे ठरतं ते पुढच्या सभेत वाचून कायम करावं लागतं. कायम व्हायच्या आधी कुणी उठून विरोध केला, सूचकानेच सूचना मागे घेतली, तर ठराव पडतो. एकदा कायम झाला की मग कोर्टात जा.

म्हणजे पुढची सभा, ईदनंतरची, जानेवारीतली. भागोजीभाऊ म्हणाले, मी येतो तुमच्याबरोबर. दाढी केली होती त्यांनी.

२८ डिसेंबर, गुरुवार

ईद. दरवर्षी नमाज झाली की अरशद सगळ्यात आधी माझ्या दारात येतो. आज त्याची बायको आणि मुलं आली, तो आला नाही. मी शीरखुर्म्याचा मोठा वाडगा भरून दिला, खारका जास्त घालून, त्याला आवडतात.

संध्याकाळी वाडगा परत करायला तो स्वतः आला. दारातच उभा राहिला. "भाबी, तिथे कसं चालतं तुला माहीत नाही. मी एकटा नाही म्हणालो असतो तर काय झालं असतं?"

"फळ्यावर तुझं एकट्याचं नाव लिहिलं असतं," मी म्हटलं. "मोठ्या अक्षरात."

वाडगा घासून पुसून आणला होता त्याने. ठेवला आणि गेला. मी त्याला दरवर्षीचे ईदीचे पैसे दिले नाहीत, ते आता लिहिताना आठवतंय.

४ जानेवारी २००१, गुरुवार

डायरीचं वर्ष संपलं. मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय, आणि सगळी पानं भरली तरी चालेल.

आज पुळणीवर कुणी मासळी घातली नाही. आम्ही सगळ्या पालिकेत. गॅलरीत बसायला जागा नव्हती, जिन्यावरही बायका. कबुतरं बिचारी पंख्यावर जाऊन बसली. अंगाला म्हावऱ्याचा वास, ते आम्हाला माहीत आहे. खाली दोघा सदस्यांनी रुमाल नाकाला लावला, लावू देत. भागोजीभाऊ माझ्या शेजारी, नवा सदरा घालून.

सभा सुरू होऊन पहिला विषय यायच्या आतच धोंडू वर आला. ह्यावेळी मोठी किटली आणि पेल्यांचं ताट. "अध्यक्षांकडून सगळ्यांना चहा. खाली मांडवात खुर्च्या घातल्यात, चला."

कुणी हललं नाही. धोंडूने सावित्रीला म्हटलं, "चल गो बाय, चहा थंड होतो."

सावित्री म्हणाली, "माझा रोजा आहे."

"तुझा? आणि रमजान संपून आठवडा झाला."

"आमचा सभा संपेपर्यंत असतो."

मागून एक म्हणाली, माझापण. मग दुसरी, मग जिन्यावरच्या. सगळ्या जणी, हिंदू काय, मुसलमान काय, एकेक करून आपला रोजा सांगत होत्या, आणि खाली सभागृहात सगळं ऐकू जात होतं. वरून आवाज नीट येत नाही म्हणे. खाली तर छान जातो. धोंडूने ताट खाली ठेवलं आणि तोही भिंतीला टेकून उभा राहिला.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. मुख्याधिकारी इतके भरभर वाचत होते की श्वास लागला त्यांना. पुळणीच्या ठरावाशी आले आणि अरशद उठला.

अध्यक्ष म्हणाले, बसा, नंतर बोला. तो बसला नाही. त्याने गॅलरीकडे बघितलं, माझ्याकडे नाही, सावित्रीकडे. ती त्याच्या आईबरोबर त्याच पुळणीवर बसायची. मग म्हणाला, "सूचक म्हणून मी माझी सूचना मागे घेतो. माझा ह्या ठरावाला विरोध आहे."

मग एकेक उठू लागले. गॅलरीकडे बघत आणि उठत. ठराव पडला. टाळ्या वाजवू नका असं भागोजीभाऊंनी आधी बजावलं होतं, नाहीतर गॅलरी रिकामी करतात. म्हणून आम्ही वाजवल्या नाहीत. फक्त माझ्या हातातला पेन मोडला.

आणि आम्ही उठलो नाही. आयत्या वेळचे विषय आले. आज दोनच होते, दोन्ही साधे, एक बालवाडीच्या छपराचा. तेही शेवटपर्यंत ऐकले. अध्यक्ष "सभा संपली" म्हणाले तेव्हा भागोजीभाऊ बसूनच राहिले. म्हणाले, "वहिनी, एवढ्या वर्षांत शेवटचा विषय मी आज पहिल्यांदा ऐकला." मी हसले. थट्टा करायची त्यांची जुनी सवय आहे. पण त्यांचे डोळे भरले होते, आनंदाने असणार.

मग सगळ्यांनी धोंडूच्या किटलीतला चहा घेतला. पार गार झाला होता, वर साय धरलेली. मी पूर्ण प्याले. एवढा चांगला चहा मी आयुष्यात प्याले नाही.

६ जानेवारी, शनिवार

'दीपगृह' आला. पहिल्या पानावर अध्यक्षांचा हसरा फोटो, 'अध्यक्षांच्या पुढाकाराने मच्छीमार भगिनींची जागा अबाधित'. मी पुळणीवर मोठ्याने वाचून दाखवलं. सावित्री म्हणाली, परत वाच, आणि सगळ्या पोट धरून हसल्या. मग त्या कागदावर कोलंबीचे सोडे पसरले.

नाक्यावर गेले तर फळा काल लिहिला होता तसाच होता, कुणी पुसला नव्हता. पुढे मोटारसायकल उभी, अरशद वाचत होता. 'सूचक अरशद होडेकर यांनी सूचना मागे घेतली व ठरावास विरोध केला.' मला बघून म्हणाला, "भाबी, हे किती दिवस ठेवणार?"

"पुढच्या सभेपर्यंत. मग जे करशील ते लिहीन."

त्याने मान हलवली आणि किक मारली. मी त्याला थांबवून ईदी दिली. त्याने हसत खिशात घातली, लहानपणी घालायचा तशीच.

तो गेल्यावर मी त्याचं नाव पुसलं आणि पुन्हा लिहिलं, बाकीच्यांपेक्षा जरा मोठं. माझा दीर आहे, तेवढं चालतं.